हाली आणि कलदार

सात हाली म्हणजे सहा कलदार. आज हे कोष्टक कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. मी पेशाने शिक्षक आहे, तरी मलाही ते पाठ्यपुस्तकातून कळलेले नाही. परंतु मराठवाड्यातील कित्येक पिढ्यांचे बाजारहाट, देणेघेणे, लग्नकार्ये आणि कोर्टकज्जे या एका ओळीवर चालत असत. चलन एक आणि शेजारच्या मुलखाचे चलन दुसरे, अशा स्थितीत व्यापार कसा चालतो आणि महागाई आली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. बासरपर्यंत गेले तरी पुरे.

निजामाबादहून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी गोदावरीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात बासरच्या स्टेशनात येऊन थांबते. उतरणाऱ्यांत पुष्कळांच्या बोटाला एखादे लहान मूल असते. ज्ञानसरस्वतीपुढे बसवून त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घ्यावे, एवढ्यासाठी माणसे दूरदूरहून येथे येतात. व्यासांवरून 'व्यासर' आणि मराठी उच्चाराच्या वळणाने पुढे 'बासर' असे गावाचे नाव झाले, असे तेथे सांगतात. गाडी पुढे निघाली की लगेच धर्माबाद येते. हे मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. या दोन गावांच्या दरम्यान आज तेलंगण आणि महाराष्ट्र यांची सीमा आहे. गाडीतल्या उतारूला ती दिसत नाही. एका बाजूच्या पाट्या तेलुगू आणि दुसऱ्या बाजूच्या मराठी, एवढाच काय तो फरक.

ही सीमा १९५६ ची. तत्पूर्वी बासर ज्या मुधोळ तालुक्यात होते तो तालुका नांदेड जिल्ह्याचाच भाग होता, आणि नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे बासर आणि धर्माबाद यांच्यामध्ये तेव्हा काहीच नव्हते. खरी सरहद्द उत्तरेला पैनगंगेच्या काठी होती. नदीच्या अलीकडे निजामाची हाली चाले, पलीकडे उमरखेड-पुसदला इंग्रजांचा कलदार. पश्चिमेला मनमाडकडे गेले तरी तोच प्रकार. आज सीमा भाषेची आहे, तेव्हा ती पैशाची होती. त्या पैशाच्या सीमेने माणसांना कसे वागविले, हा आजचा विषय.

'हाली' हा शब्द आपल्या 'हल्ली'चा सख्खा भाऊ आहे. हाली सिक्का म्हणजे हल्लीचा, चालू नाण्याचा रुपया. त्याआधी निजामाच्या मुलखात रुपयांची इतकी कुळे होती की नुसता 'रुपया' म्हणून भागत नसे. गोविंदबक्षी, बागचलनी, नारायणपेठी असे नाना टांकसाळींचे रुपये फिरत. मराठी मुलखातून अंकुशी आणि चांदवडी रुपयेही येत. कोणाचे वजन कमी, कोणाची चांदी हिणकस, कोणाचा ठसा झिजलेला. प्रत्येकाचा बट्टा निराळा, आणि तो ठरविणारा एकटा सराफ. दिवाण सालारजंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गोंधळाला आळा घातला आणि हैदराबादच्या टांकसाळीला प्राधान्य दिले. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव नाण्यावरून गेले. पुढे १९०३-०४ च्या सुमारास यंत्रावर पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला रुपया आला. इंग्रजांचा रुपया कधीचाच यंत्रावर, कळीवर पडत होता, म्हणूनच लोक त्याला 'कलदार' म्हणत.

या दोन रुपयांचे नाते चांदीने ठरविले होते. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांतील अकरा भाग चांदी. चारमिनार रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात हजारी ८१८ भाग चांदी. गुणाकार करून पाहिला तर कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम आणि हालीत सुमारे ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. एकाला दुसऱ्याने भागले की जवळजवळ सातास सहा हे प्रमाण निघते. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा जो सरकारी दर पुढे रूढ झाला तो अशा रीतीने नाण्याच्या पोटातच होता.

गणिताच्या शिक्षकाला या दराची मोठी मौज वाटते. एक कलदार म्हणजे एक रुपया दोन आणे आठ पै हाली, हिशेब चोख. पण उलट करा. एक हाली म्हणजे तेरा आणे आठ पै आणि वर चार-सप्तमांश पै. चार-सप्तमांश पै कोणत्याही टांकसाळीत पडत नसे. ती कोणाच्या तरी पदरी पडे, आणि ज्याच्या हाती तराजू व कीर्दवही त्याच्याच पदरी पडे, हे सांगायला नको. एका रुपयात ही रक्कम क्षुल्लक, पण हजारो रुपयांच्या उलाढालीत तिच्यावर दुकान चालू शकते.

कापसाचेच उदाहरण घेऊ. भैंसा, उमरी, धर्माबाद, नांदेड हा सारा पट्टा काळ्या जमिनीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे या खोऱ्यात आली आणि सरकी काढलेल्या कापसाचे गठ्ठे मनमाडमार्गे थेट मुंबईच्या बाजाराला जोडले गेले. मुंबईत भाव कलदारात ठरे. शेतकऱ्याला सावकाराचे देणे, सरकारचा सारा, मजुरांची मजुरी हालीत द्यावी लागे. मधे उभे दोन नाके: एक करोडगिरीचा, दुसरा सराफाचा.

करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या व्यापारी तहात ती शेकडा पाच ठरली होती, आणि हेच प्रमाण पुढे दीर्घ काळ पायाभूत राहिले. बाहेर जाणाऱ्या मालावर जकात आणि आत येणाऱ्या मालावरही जकात. हैदराबादला समुद्र नव्हता. विलायती माल मुंबई बंदरात उतरताना इंग्रज सरकारचा बंदरकर देऊन आलेला असे, तो संस्थानात शिरताना पुन्हा करोडगिरी. दोन्ही कर अखेर भरायचे ते नांदेडच्या पेठेत पाच वार कापड घेणाऱ्या माणसाने. समुद्राची ही उणीव राज्यकर्त्यांनाही किती डाचत असे, हे १९४७ मध्ये दिसले. त्या वर्षी गोव्याच्या बंदराची वाट मिळावी म्हणून त्यांनी पोर्तुगिजांशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला.

आता सराफाचा नाका. समजा, एका शेतकऱ्याच्या मालाचे शंभर कलदार आले. सरकारी दराने त्याला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै मिळावयास हवेत. अडत्याने "आज भाव पंधराचा आहे" असे सांगून एकशे पंधरा हाली हातावर ठेवले, तर शेकडा एक रुपया दहा आणे आठ पै गेले. शेतकऱ्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता, कारण कापसाच्या हंगामात हालीला मागणी वाढून तिचा भाव चढतो, हे खरेच होते. खऱ्या कारणाच्या आडून खोटा भाव सांगणे सर्वांत सोपे. हा चढउतार आवरावा म्हणून सरकारने स्वतंत्र गंगाजळी ठेवली होती आणि मोठ्या पेठांतील व्यापाऱ्याला तिचा आधारही मिळे. खेड्यातल्या माणसापर्यंत ती पोहोचत नसे. म्हणून जुन्या दस्तऐवजांत रकमेपुढे 'हाली', 'कलदार' किंवा 'सिक्के उस्मानिया' असे स्पष्ट लिहिलेले आढळते. नुसते 'रुपये शंभर' लिहिणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. हिशेबाचे वर्षही पुन्हा निराळे. संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि त्याचा आकडा इसवी सनाहून ५९० ने मागे. सरहद्दीच्या दोन बाजूंच्या दोन व्यापाऱ्यांचा एक व्यवहार दोन नाण्यांत आणि दोन सनांत लिहिला जाई.

यात्रेकरूंनाही हे चुकले नसणार. कलदार मुलखातून बासरला आलेल्या माणसाला दक्षिणेसाठी आणि वाटखर्चासाठी हाली करून घ्यावी लागे. हे वाचताना मला येरुशलेमच्या मंदिरातील सराफांची आठवण होते. आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून तो प्रसंग ऐकत आलो आहोत. प्रभू येशूने त्यांची मेजे उलथून टाकली, हे आम्हाला पाठ असते. पण ती मेजे तेथे का मांडली होती, हा प्रश्न मी वर्गात विचारला की मुले गप्प होतात. देवळाचा कर सोरच्या चांदीच्या नाण्यातच द्यावा लागे, आणि बाहेरून आलेल्या भाविकाच्या गाठी निराळे नाणे असे. सराफ लबाड होता की नाही हा पुढचा प्रश्न. आधी दोन नाणी होती म्हणून तो तेथे होता.

या सीमेचा सर्वांत विचित्र भाग पैनगंगेचा. पलीकडचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख. १८५३ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर, त्यांच्याकडेच राहिला. निजामाच्या युवराजाला पुढे 'वऱ्हाडचा राजपुत्र' असा किताबही मिळाला. परंतु त्या वऱ्हाडात निजामाचा रुपया चालत नव्हता! सत्ता नकाशावर कोणत्या रंगाने दाखविली आहे हे पाहण्यापेक्षा बाजारात कोणते नाणे वाजते हे पाहावे, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मी नेहमी सांगतो.

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली. इंग्रज सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली. हैदराबादने १९१८ मध्ये कायदा करून स्वतःच्या नोटा सुरू केल्या. त्या नोटांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही मूल्य छापलेले असे. इतक्या मोठ्या प्रमाणावर नियमितपणे आपल्या नोटा चालविणारे हे एकटेच संस्थान होते. लोकांना त्याचा अभिमान होता आणि तो अगदीच अस्थानी नव्हता.

परंतु स्वतःचे नाणे म्हणजे स्वतःची स्वस्ताई नव्हे, हे दुसऱ्या महायुद्धाने शिकविले. युद्धासाठी ब्रिटनने हिंदुस्थानात धान्य, कापड, ताग, लोखंड अशी प्रचंड खरेदी केली. तिची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या खाती जमा होई, आणि त्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपले तेव्हा त्या ११०० कोटींच्या वर गेल्या होत्या. माल मात्र तेवढाच, किंबहुना लष्कराची गरज भागवून उरेल तेवढाच. घाऊक किमती युद्धारंभीच्या जवळजवळ अडीचपट झाल्या.

हा पैसा कलदाराचा. मग हालीच्या मुलखात महागाई का यावी? तिला करोडगिरीचा नाका का अडवू शकला नाही? कारण दर सातास सहा असा खिळलेला होता. पुसदला ज्वारी महागली की नदीच्या अलीकडचा व्यापारी सातने गुणून सहाने भागी आणि पाही की आपल्याकडे ती स्वस्त आहे. मग रात्रीच्या गाड्या पलीकडे जाऊ लागत. अलीकडची ज्वारी कमी होऊन तिचा भाव वर सरके, तो पलीकडच्या भावाला भिडेपर्यंत. निर्यातबंदीचे हुकूम निघाले तरी चोरटा व्यापार हुकमांना पुरून उरतो. शिवाय हालीच्या नोटांमागे जी तारण-गंगाजळी होती तिच्यातही भारत सरकारचे रोखे मोठ्या प्रमाणात होते. पाया कलदाराचा, इमारत हालीची. पाया हलला तेव्हा इमारतही हलली.

दर बदलून हाली महाग करावी, असे कोणी म्हणेल. तसे केले असते तर बाहेरची ज्वारी, कापड, रॉकेल हालीत स्वस्त पडले असते. परंतु कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती शंभर कलदारांमागे कमी हाली आली असती, आणि त्याचा सारा व कर्ज मात्र पूर्वीच्याच आकड्यांत राहिले असते. तेव्हा दर तोच ठेवून धान्याची सक्तीची लेव्ही आणि नियंत्रित वाटप हा मार्ग स्वीकारला गेला. लेव्हीचा जाच ज्या गावांनी सोसला त्यांच्या असंतोषाने पुढे फार मोठे रूप घेतले, विशेषतः तेलंगणात. पगारदारांचे हाल निराळेच. किमती अडीचपट होतात तेव्हा शाळेच्या पगारपत्रकाला ती बातमी सर्वांत शेवटी कळते. हे कोणत्याही नाण्याच्या राज्यात सारखेच.

१९४७ नंतर व्यापाराची ही सरहद्द राजकारणाची झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोच संस्थानने दोन वटहुकूम काढले. मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध आले, आणि भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहिले नाही. त्याच सुमारास भारत सरकारचे वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिल्याचे उघडकीस आले. वटहुकमाचा अर्थ दिल्लीत अपमान असा घेतला गेला. पैनगंगेकाठच्या व्यापाऱ्यासाठी त्याचा अर्थ साधा होता. काल जो कलदार गल्ल्यात होता तो आज गुन्हा झाला. पुढे १९४८ मध्ये माल येण्याचे मार्ग आखडत गेले. ही आर्थिक नाकेबंदी आहे अशी हैदराबादची तक्रार, आणि तसा काही आमचा हुकूम नाही असे भारत सरकारचे उत्तर. कोणाचे खरे मानावे ते माना. टंचाई लोकांच्या वाट्याला आलीच.

स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर छावण्या उभारल्या आणि त्यांच्या हल्ल्यांचे एक मुख्य लक्ष्य करोडगिरीचे नाके हे होते, यात नवल नाही. सामान्य माणसाला राज्यसत्ता रोज भेटत होती ती नाक्यावर. ३० जानेवारी १९४८ रोजी बासर-धर्माबादच्याच लोहमार्गावरील उमरी येथील बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि सुमारे वीस लाखांची रक्कम लढ्याच्या कामी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. १३ सप्टेंबरला भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

राज्य पाच दिवसांत बदलले. नाणे तसे बदलत नाही. लोकांच्या गाठी हाली होती, कर्जरोखे हालीत होते, मजुरी हालीत ठरत होती. ते सारे एका रात्रीत रद्द केले असते तर सर्वांत आधी बुडाला असता तो, ज्याची सारी शिल्लक गाडग्यात होती. म्हणून सातास सहा हाच दर कायम ठेवून दोन्ही नाणी काही काळ शेजारी शेजारी चालू दिली गेली. १९५० मध्ये भारतीय रुपया रीतसर आला, नव्या हालीचे काढणे थांबले आणि जुनी हळूहळू परत घेतली गेली. अंतर्गत जकातीलाही राज्यघटनेने मुदत दिली होती. एकदम बंद केली तर संस्थानचे उत्पन्न कोसळेल म्हणून ती टप्प्याटप्प्याने उठली.

या सबुरीचे मोल कळायचे असेल तर त्याच काळातील दुसरी सरहद्द पाहावी. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडू लागले आणि भारताने तो दर मानण्यास नकार दिला. ताग पूर्व बंगालच्या शेतात आणि गिरण्या कलकत्त्यात. मधे दर नाही. व्यापार जवळजवळ ठप्प झाला, तो फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने दर मान्य करीपर्यंत. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचा ताग घरात पडून होता आणि गिरण्यांना माल नव्हता. त्या अवमूल्यनाच्या वेळी हालीचे काय झाले? काहीच नाही. ती कलदाराचा हात धरून त्याच्याबरोबर तेवढीच खाली आली, आणि नांदेडच्या बाजारात त्या दिवशी सातास सहाच दर होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली. मुधोळ तालुका, त्यातील बासर आणि भैंसा यांसह, आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात गेला. आदिलाबादमधील किनवट नांदेडला आले. पाठोपाठ १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. आण्याचे सव्वासहा पैसे! म्हणजे १९५० साली तिशीत असलेल्या बासरच्या दुकानदाराने सात-आठ वर्षांत हालीचे कलदार केले, कलदाराच्या आण्यांचे नवे पैसे केले, आणि दुकान जागचे न हलता तो नांदेडचा आदिलाबादकर झाला. २०१४ मध्ये त्याच्या नातवंडांचे राज्य तेलंगण झाले आणि २०१६ मध्ये जिल्हा निर्मल.

बासर आणि धर्माबाद यांच्यामधून आज मिरची आणि कापूस एकाच रुपयात ये-जा करतात. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मालमोटारींना रांगेत उभे करणारे विक्रीकराचे नाके राज्यांच्या सीमांवरून उठले. पेट्रोल आणि डिझेल या करात आलेले नाहीत. त्यांच्यावर प्रत्येक राज्याचा कर निराळा, म्हणून भावही निराळा. सीमेजवळचा ट्रकवाला अजूनही टाकी भरण्यापूर्वी विचारतो, आज पलीकडे काय भाव आहे.